नागरिकांची खिडकी पुन्हा उघडा : विद्यापीठाच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेबाबत खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू आणि व्यवस्थापन परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य यांस

विषय : पाणी तपासणी प्रयोगशाळेत नागरिकांचे नमुने घेणे बंद करण्याचा निर्णय मागे घेण्याबाबत

महोदय,

आपल्या विद्यापीठाच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत मी 26 वर्षे नोकरी केली. परिचर म्हणून लागले, तांत्रिक सहायक म्हणून निवृत्त झाले. पत्रात विद्यापीठाचे नाव मुद्दाम घातलेले नाही. मला संस्थेची बदनामी करायची नाही, आणि हीच गोष्ट राज्यात आणखी कुठे घडत असेल तर तिथल्या लोकांनाही हे पत्र आपलेच वाटावे अशी इच्छा आहे. ज्यांनी निर्णय घेतला त्यांना ते आपल्यासाठी आहे हे कळेलच.

या महिन्याच्या 1 तारखेपासून प्रयोगशाळेची नमुने घेण्याची खिडकी बंद झाली. परिपत्रकात लिहिले आहे की यापुढे फक्त उद्योग, बांधकाम व्यावसायिक आणि संस्था यांचेच नमुने घेतले जातील, तेही ऑनलाइन नोंदणी करून आणि पूर्ण शुल्क आगाऊ भरून. शेतकरी, ग्रामपंचायती, बचत गट, जिल्हा परिषदेच्या शाळा यांच्यासाठी सवलतीच्या दरात होणारी तपासणी थांबली. दोन कंत्राटी तंत्रज्ञांना मुदतवाढ मिळाली नाही. कारण एकाच ओळीत दिले आहे : प्रयोगशाळा आर्थिकदृष्ट्या स्वयंपूर्ण नाही.

हे वाचून मी दोन दिवस गप्प राहिले. निवृत्त माणसाने जुन्या कचेरीत लुडबूड करू नये असे मलाही वाटते. पण या प्रयोगशाळेशी माझे नाते पगारापुरते कधीच नव्हते, ते आधी सांगते.

माझे माहेर विदर्भ-मराठवाड्याच्या सीमेवरचे. 1972 च्या दुष्काळानंतर राज्यभर बोअर घेतले गेले, तसा आमच्याही गावात हातपंप आला. आडाच्या गढूळ पाण्यापेक्षा ते पाणी काचेसारखे स्वच्छ होते. हगवण कमी झाली. आई त्या पंपाला हळदकुंकू वाहायची. माझा धाकटा भाऊ तेच पाणी पिऊन वाढला. त्याचे दुधाचे दात पडून नवे आले ते खडूसारखे पांढरे ठिपके घेऊन, आणि बघता बघता तपकिरी पडले. गावातल्या बहुतेक पोरांचे तसेच. मास्तर म्हणायचे, दात घासत नाहीत. पोरी हसताना तोंडावर हात धरायच्या आणि सोयरीक जमवताना त्याची चर्चा व्हायची. पाण्याचे नाव कुणीच घेतले नाही, कारण पाणी इतके छान दिसत होते.

1996 मध्ये मी प्रयोगशाळेत लागले. तेव्हा प्रयोगशाळा म्हणजे पर्यावरणशास्त्र विभागाची जुनी स्टोअररूम होती. दोन ब्युरेट, एक पीएच मीटर, एक कलरीमीटर आणि सारखे बिघडणारे डिस्टिल्ड वॉटरचे यंत्र. पहिल्याच दिवाळीला मी गावाहून येताना त्या हातपंपाचे पाणी प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून आणले. फ्लोराईडची तपासणी आम्ही स्पॅड्न्स पद्धतीने करत असू. लालभडक रंगाचे द्रावण असते. त्यात नमुना घातला की फ्लोराईडच्या प्रमाणात तो रंग फिका पडतो. पाण्यात फ्लोराईड जितके जास्त, तितका रंग फिका. मी माझ्या गावचे पाणी घातले आणि डोळ्यांदेखत रंग उडाला. सरांनी कलरीमीटरवर पाहिले आणि म्हणाले, हे पट्टीच्या बाहेर गेले, पाणी पातळ करून पुन्हा करा. चौपट पातळ करून पुन्हा केले. लिटरला 4.2 मिलिग्रॅम आले. भारतीय मानकानुसार 1 पर्यंत असावे, दुसरा स्रोत नसेल तर फार तर 1.5 पर्यंत चालवून घ्यावे.

त्या संध्याकाळी मी बराच वेळ टेबलाशी उभी होते. माझ्या भावाचे दात का खराब झाले हे मला एका परीक्षानळीने सांगितले होते, आणि ते गावात कुणालाही ठाऊक नव्हते.

सरांनी विद्यापीठाच्या लेटरहेडवर अहवाल दिला. तो घेऊन वडील ग्रामपंचायतीत गेले, तिथून पंचायत समितीत, पुढे भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे. पाणी पिण्याजोगे नाही याची खूण म्हणून पंपाला लाल रंग लागला. ओढ्याकाठच्या जुन्या विहिरीचा गाळ काढून तिचे पाणी सुरू झाले. तिच्यात फ्लोराईड मर्यादेत होते. त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे दात पांढरे आहेत. भावाला मात्र उशीर झाला. आज पन्नाशीत त्याची मान वळत नाही, मागून हाक मारली तर तो पूर्ण वळून बघतो. हाडांचे झालेले नुकसान भरून येत नाही. फ्लोराईडला वास नाही, चव नाही, आणि पाणी उकळून ते जात नाही. उलट पाणी आटते आणि प्रमाण वाढते. तपासल्याशिवाय ते कळायला मार्ग नाही. एवढ्यासाठी ती खिडकी हवी.

आता खिडकीवर काय चालायचे ते सांगते.

माणूस पहाटेची एसटी धरून यायचा. हातात थंड पेयाची नाहीतर औषधाची बाटली, कधी तेलाचा डबा. पाण्यावर तेलाचा तवंग. त्याला हाकलून द्यायचे नाही, ही आमच्या सरांची शिस्त होती. चहा द्यायचा आणि नमुना कसा घ्यायचा ते दाखवायचे. रासायनिक तपासणीसाठी धुतलेला प्लॅस्टिकचा कॅन, त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून. जंतूंच्या तपासणीसाठी आमच्याकडची निर्जंतुक काचेची बाटली, आणि ती मात्र विसळायची नाही. तिच्यात सोडियम थायोसल्फेट असते, म्हणजे पाण्यातले क्लोरीन तिथेच थांबते आणि वाटेत जंतू मारत बसत नाही. नळाचे पाणी आधी दोन-तीन मिनिटे सोडून द्या. तोटीला जाळाचा शेक द्या. झाकण खाली ठेवू नका. गळ्यापर्यंत भरू नका. बर्फाच्या डब्यात घालून त्याच दिवशी आणा. हे सगळे लोक शिकले. काही गावांचे नमुने तर ओळखीचे कंडक्टर थर्माकोलच्या डब्यातून आणून देत. शुक्रवारी जंतूंचे नमुने घ्यायचे नाहीत असा नियम होता, कारण जंतू वाढतात का ते बघायला लावलेल्या नळ्या 24 आणि 48 तासांनी बघाव्या लागतात. साथीच्या दिवसांत आम्ही तो नियम मोडला आणि रविवारी येऊन नळ्या बघितल्या. नळीतला जांभळा ब्रॉथ, म्हणजे जंतू वाढवायचे द्रावण, पिवळा पडला आणि आतल्या उलट्या चिमुकल्या नळीत वायूचा बुडबुडा अडकला, की पाण्यात घाण शिरल्याची खूण देणाऱ्या कोलीफॉर्म जंतूंचा संशय पक्का धरून पुढची तपासणी लावायची आणि लगेच त्या गावच्या ग्रामसेवकाला फोन करायचा. टायफॉइड-काविळीचे रुग्ण दवाखान्यात पोचायच्या आत तो बुडबुडा आम्हाला दिसत असे.

एकदा बचत गटाच्या एक ताई अहवाल घ्यायला आल्या. कागदावर वीस-बावीस ओळी, क्षारता, कठीणपणा, क्लोराईड, नायट्रेट. त्यांनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि विचारले, "बाई, आता हे पानी लेकरायले देऊ का नको?" त्यांच्या विहिरीत नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या बरेच वर होते, आणि त्या मर्यादेला मानकात सूटच नाही. तान्ह्या बाळाच्या रक्तातला प्राणवायू त्याने कमी पडू शकतो. मी सांगितले, बाळाच्या वरच्या दुधासाठी हे पाणी वापरू नका, उकळूनही नाही. आणि विहिरीलगतचा उकिरडा हलवा. त्यांनी तो हलवला. पुढच्या उन्हाळ्यात त्या पुन्हा बाटली घेऊन आल्या. आता पोर्टलवरून पीडीएफ उतरेल, पण असला प्रश्न कुणाला विचारायचा?

या कामातून प्रयोगशाळा वाढत गेली. स्टोअररूमचे दोन हॉल झाले. स्पेक्ट्रोफोटोमीटर आला, फ्लेम फोटोमीटर आला, फ्लोराईडसाठी आयन इलेक्ट्रोड आला. जड धातूंसाठी एएएस यंत्र आले त्या दिवशी आम्ही पेढे वाटले. पुढे एनएबीएलचे, म्हणजे प्रयोगशाळांची गुणवत्ता तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचे, मानांकन मिळाले. त्यासाठी दोन वर्षे प्रत्येक पिपेट, प्रत्येक वजनकाटा प्रमाणित करून घेताना विभागातल्या सगळ्यांनी रात्री काढल्या. एमएस्सीची मुले इथेच शिकली. पाण्याचा कठीणपणा मोजायला थेंबाथेंबाने ईडीटीएचे द्रावण घालतात, त्या टायट्रेशनमध्ये लालसर जांभळा रंग एका थेंबात निळा होतो, तो थेंब ओळखायला हात बसावा लागतो. खऱ्या गावाचे, खऱ्या माणसाचे पाणी असले की मुले तो थेंब चुकवत नसत. त्यांतली कितीतरी आज सरकारी प्रयोगशाळांत आणि जलशुद्धीकरण केंद्रांवर आहेत.

आता निर्णयाबद्दलच्या माझ्या तक्रारी.

पहिली, स्वयंपूर्णतेची. विद्यापीठाचे ग्रंथालय स्वयंपूर्ण नाही. क्रीडांगण नाही. राष्ट्रीय सेवा योजना नाही. त्यांच्याकडून कुणी नफा मागत नाही आणि मागूही नये. पाणी तपासणीला वेगळा न्याय का? शिवाय उद्योगांच्या नमुन्यांचे शुल्क प्रयोगशाळेने कमावले, पण ते विद्यापीठाच्या सर्वसाधारण खात्यात जमा होत राहिले आणि रसायनांच्या खरेदीसाठी आम्ही मार्चअखेरपर्यंत वाट बघत राहिलो. जमा एका खात्यात आणि खर्च दुसऱ्या खात्यात दाखवल्यावर प्रयोगशाळा तोट्यातच दिसणार. हा हिशेब अधिसभेपुढे पूर्ण मांडला गेला का?

दुसरी, यंत्राची. एएएस यंत्र माझ्या निवृत्तीआधीच बंद पडू लागले होते. देखभालीचा वार्षिक करार संपला आणि नवा झाला नाही. प्रत्येक धातूसाठी वेगळा दिवा लागतो, त्यातले बरेच संपले आहेत. ॲसिटिलीनचे सिलिंडर वेळेवर येत नाही. लाखो रुपयांचे यंत्र कव्हर घालून ठेवायचे आणि मग प्रयोगशाळेचे काम कमी झाले म्हणायचे, हे मला पटत नाही.

तिसरी तक्रार माणसांची. ज्या दोघांना घरी पाठवले त्यांतली एक मुलगी आठ वर्षे जंतूंची तपासणी करत होती. तिचा हात आणि तिची नजर पुन्हा तयार व्हायला आठ वर्षे लागतील. मानांकन टिकवायला प्रशिक्षित माणसे लागतात, हे तपासणी पथक आले की आपल्यालाही सांगेल.

चौथी तक्रार सांगताना माझा आवाज चढतो, त्याबद्दल आधीच माफी मागते. आमच्या नोंदवह्या. 1996 च्या आधीपासूनच्या, जाड पुठ्ठ्याच्या, निळ्या-काळ्या शाईतल्या. गाव, वस्ती, विहीर की बोअर, खोली, तारीख, प्रत्येक घटकाचा आकडा. जागा मोकळी करण्यासाठी त्या रद्दीत काढण्याच्या यादीत आहेत, असे मला सांगण्यात आले. महोदय, एका बोअरचे 1998 चे आणि 2018 चे फ्लोराईड शेजारी शेजारी ठेवून बघता येईल अशी जागा या पंचक्रोशीत दुसरी कुठे आहे? पाणी उपसत खोल गेलो तसे काय बदलले, खतांबरोबर नायट्रेट कसे चढले, हे त्या वह्यांत आहे. पीएचडी करणाऱ्या मुलांना आयुष्यभर पुरेल इतके आहे. ते किलोच्या भावाने विकू नका.

आपल्यापैकी कुणी म्हणेल, आता सरकारी प्रयोगशाळा आहेत, गावात किट आहेत. आहेत, आणि त्याचा मला आनंद आहे. 15 ऑगस्ट 2019 ला जलजीवन मिशन जाहीर झाले, गावोगावी पाच-पाच महिलांना फील्ड टेस्ट किट वापरायला शिकवले, हे फार मोठे काम झाले. पण किट रंगावरून अंदाज देते. दोष दिसला की पक्के करायला प्रयोगशाळाच लागते. म्हणजे गावात किट पोचल्यावर खिडकीवरची रांग वाढायला हवी. सरकारी प्रयोगशाळांवर ठरलेल्या सार्वजनिक स्रोतांचाच भार मोठा असतो, पावसाळ्याआधी आणि नंतर तर फारच. शेतातल्या घराची विहीर, वीटभट्टीवरचा बोअर, तांड्यावरची टाकी घेऊन माणूस आमच्याकडे यायचा. आणि जिथे कारखाना आणि शेतकरी समोरासमोर असतील, तिथे दोघांनाही मान्य होईल असा अहवाल विद्यापीठाकडूनच मिळावा अशी लोकांची अपेक्षा असते.

जानेवारी 2025 आठवा. पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या गियाँ-बारे आजाराचे, रुग्ण वाढले, आणि पहिली धावपळ झाली ती पाण्याचे नमुने गोळा करायची. त्याच महिन्यात बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात गावेच्या गावे केस गळून हैराण झाली. संशय आधी पाण्यावर गेला. पुढे चर्चा गव्हातल्या सेलेनियमपर्यंत पोचली. तो सगळा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्याचा, तिथले पाणी मुळातच खारट, म्हणून लोकांना पाण्याचीच भीती वाटली. दोष पाण्यात आहे हे सांगायला प्रयोगशाळा लागते, तशी तो पाण्यात नाही हे सांगायलाही लागते. संकट आल्यावर नमुने गाडीत घालून दोन-तीनशे किलोमीटर पाठवायचे, तेवढ्यात गावाने काय प्यायचे? यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतला फ्लोराईडचा प्रश्न तर बातमीत नसला तरी रोज चालूच असतो.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

1. नागरिकांसाठीची खिडकी आठवड्यातून निदान तीन दिवस, जुन्या सवलतीच्या दराने, ताबडतोब सुरू करा. ऑनलाइन नोंदणी जरूर ठेवा, पण समोर आलेल्या माणसाला परत पाठवू नका.

2. नोंदवह्या रद्दीच्या यादीतून आजच काढा आणि तसे लेखी जाहीर करा. त्यांचे संगणकीकरण विद्यार्थ्यांकडून श्रेयांकाचा प्रकल्प म्हणून करून घेता येईल. अक्षर लागत नसेल तिथे मी येऊन बसेन, मानधन नको. बरेचसे अक्षर माझेच आहे.

3. प्रयोगशाळेच्या कमाईचे स्वतंत्र खाते करा आणि मागच्या पाच वर्षांचा जमाखर्च अधिसभेपुढे ठेवा.

4. एएएस यंत्राचा देखभाल करार करा.

5. दोन्ही तंत्रज्ञांना परत घ्या. खिडकीवर अहवाल समजावून सांगणारे एक माणूस कायम असू द्या.

यातले काही शक्य नसेल तर का शक्य नाही, ते लोकांना समजेल अशा मराठीत कळवा. मी वाट बघेन. उपोषणाची, मोर्चाची भाषा मला येत नाही आणि या संस्थेशी तशी बोलण्याची वेळ येऊ नये.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. खिडकी बंद झाल्याचे ठाऊक नसलेला एक शेतकरी मागच्या आठवड्यात दोन कॅन घेऊन आला. रखवालदाराने त्याला माझ्या घरचा पत्ता दिला. एक कॅन त्यांच्या वस्तीच्या बोअरचा आहे, दुसरा शाळेच्या. त्याच्या नातीच्या नव्या दातांवर पांढरे ठिपके आले आहेत. दोन्ही कॅनवर मी चिठ्ठी लावली आणि माझ्या फ्रीजमध्ये ठेवले. प्लॅस्टिकच्या कॅनमधला फ्लोराईडचा नमुना 28 दिवस चालतो. आज नववा दिवस आहे.

आपली विश्वासू,
पाणी तपासणी प्रयोगशाळेतील एक निवृत्त तांत्रिक सहायक